गावाचं दंतआरोग्य: शाळा, अंगणवाडी आणि शिबिरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, तरुण मंडळांचे कार्यकर्ते आणि नुकतेच पास झालेले दंतवैद्य यांच्यासाठी आहेत. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पहिला घेतला आहे.

आम्हाला शाळेत दंततपासणी शिबिर घ्यायचं आहे. काय काय लागेल?

आधी एक उलट प्रश्न: शिबिराच्या दुसऱ्या दिवशी काय होणार आहे? त्याचं उत्तर तयार नसेल तर शिबिर पुढे ढकला. तपासल्याने दात बरा होत नाही. दोनशे मुलांची तोंडं उघडून पाहिली, प्रत्येकाच्या हातात 'उपचाराची गरज आहे' अशी चिठ्ठी दिली आणि गाडी निघून गेली, तर त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी जातात. ज्या आईची दिवसाची मजुरी बुडते, ती न दुखणाऱ्या दातासाठी तालुक्याला जात नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. जवळच्या ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंतवैद्यांशी बोलून, पाठवलेल्या मुलांसाठी ठरावीक वार मागून घ्या. पालकांचं संमतीपत्र मराठीत, एका पानात, आठवडाभर आधी घरी पाठवा. आणि जागेवर होण्यासारखे उपचार (कीड रोखणारा फ्लोराइड वार्निशचा लेप, दाढेच्या खाचा बुजवणारं सीलंट, हाताच्या हत्यारांनी दात भरणं) त्याच दिवशी उरकतील असं सामान आणि माणसं आणा.

तपासणीचं सामान थोडकंच आहे. एका तपासनिसामागे किमान ३० तोंडाचे आरसे आणि ३० प्रोब (दात चाचपायच्या बारीक सळया) ठेवा, म्हणजे निम्मे वापरात असताना निम्मे निर्जंतुक होत राहतात. याशिवाय हातमोजे, मास्क, गॉजचे तुकडे, डोक्याला लावायचा दिवा, झाकणाचे दोन डबे (एक स्वच्छ हत्यारांचा, एक वापरलेल्यांचा) आणि लिहून घेणारा एक माणूस. हा लिहिणारा तपासनिसाच्या शेजारी, आवाज नीट ऐकू येईल इतका जवळ हवा. दूर बसवला की 'सोळा' आणि 'सव्वीस' या दातांच्या क्रमांकांची अदलाबदल होते आणि उजव्या बाजूची वरची दाढ कागदावर डाव्या बाजूला जाते.

खुर्ची नसेल तर अडत नाही. दोन बाकं जोडा, मुलाला आडवं झोपवा, डोकं बाकाच्या टोकाला, आणि तपासणारा डोक्यामागे बसेल. लहान मुलाच्या एका तपासणीला पाच ते दहा मिनिटं धरा. 'दोन तासांत तीनशे मुलं' अशी बातमी वाचलीत तर समजा की कुणाचंच तोंड नीट पाहिलं गेलेलं नाही.

हत्यारं गावात निर्जंतुक कशी करायची?

उकळत्या पाण्यात बुडवून काढणं पुरेसं नाही. घासून धुवा, कोरडी करा आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाबाला १५ ते २० मिनिटं ठेवा. वीज नसेल तर १५ पौंड दाबाचा, गॅसवर चालणारा, प्रेशर कुकरसारखा ऑटोक्लेव्ह मिळतो. वेळ मोजायची ती दाब पूर्ण चढल्यावर, गॅस पेटवल्यापासून नव्हे. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात २० मिनिटं ठेवल्याने चांगलं निर्जंतुकीकरण झालं असं लोक समजतात. त्याने जंतू बरेच मरतात, पण जंतूंचे बीजाणू मरायला तेच द्रावण १० तास लागतं.

लाळ-रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. शाळेच्या मागे खड्डा करून जाळायचं नाही.

दात किडतात ते नक्की कशाने? आमच्याकडे 'किडा' काढून देणारे येतात.

दातात किडा नसतो. रिंगणीच्या बियांची धुरी दिल्यावर जे बारीक पांढरं पडलेलं दाखवतात, ते बियांमधलेच अंकुर असतात.

खरी गोष्ट अशी. दातावर जंतूंचा चिकट थर असतो. आपण साखर खाल्ली की जंतू तिचं आम्ल करतात. थराचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ही आम्लता हळूहळू उतरवते, त्याला वीस-चाळीस मिनिटं जातात, आणि गेलेली काही खनिजं परत बसतात. म्हणजे दिवसभर दातावर ने-आण चालू असते. जेवणासोबत एकदा गोड खाल्लं तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला एक गोळी, मधेच चहा-बिस्कीट, मग परत गोळी असं चाललं तर दिवसभर नुसती 'ने' होते, 'आण' होतच नाही. गुळाने दात किडत नाहीत हा समज चुकीचा आहे, जंतूंना गूळ आणि साखर सारखीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली. मोठ्या माणसाला हे साधारण ५० आणि २५ ग्रॅम पडतं. चहाचे चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर मोजून बघा.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची काळजी कशाला?

मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते. शिवाय दुखणाऱ्या दाढेने मूल जेवत नाही, झोपत नाही.

अंगणवाडीत एक सोपी तपासणी आहे, तिला आरसाही लागत नाही: बाळाचा वरचा ओठ उचला आणि पुढच्या दातांचा हिरडीलगतचा भाग पाहा. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड सुरू झाली आहे, पण अजून भोक पडलेलं नाही. याच टप्प्यावर ती थांबवता येते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर उशीर झाला, तरी लगेच पाठवा. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या पुढच्या दातांवर जीभ आणि लाळ असल्याने ते बहुधा वाचतात. ओठ उचलून पाहायला दहा सेकंद लागतात. वजन घेण्याच्या दिवशीच हे करून टाकावं.

पेस्ट किती आणि कोणती? राखुंडी चालेल का?

तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात ती पेस्ट खपवण्यासाठी. पाकिटावर फ्लोराइड (कीड रोखणारं द्रव्य) १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या, आसपास असावं. दिवसातून दोनदा घासावं, त्यातलं एक रात्री झोपताना. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर दातावर राहिलेलं फ्लोराइड धुऊन जातं. ही सवय मोठ्यांना मोडता मोडत नाही, मुलं लवकर शिकतात.

राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड, मीठ या सगळ्यांनी दात घासले जातात म्हणजे झिजतात. हिरडीजवळ खाच पडते आणि थंड पाणी लागू लागतं. कडुलिंबाची काडी नीट चावून मऊ कुंचा करून वापरली तर थर निघतो, पण तिच्यात फ्लोराइड नाही.

रोज शाळेतच दात घासून घेतले तर? खर्च किती?

आमच्या मते पैशाचा सगळ्यात चांगला वापर हाच. दात कसे घासावेत यावर भाषण ऐकून मुलांचं ज्ञान वाढतं, कीड कमी होत नाही. रोजच्या देखरेखीखालच्या घासण्याने होते. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून हे चालतं, फिलिपिन्समध्ये सरकारी शाळांतून हात धुण्याबरोबर चालतं. आपल्याकडे खिचडीनंतरचा वेळ त्यासाठी अगदी सोयीचा आहे.

१२० मुलांची शाळा धरा. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. दिवसाला ३० ग्रॅम, शाळेचे २०० दिवस, म्हणजे वर्षाला ६ किलो: १०० ग्रॅमच्या ६० ट्यूब. वाया जाणाऱ्यासाठी पाच जास्त घ्या. ब्रश वर्षात तीनदा बदलायचे धरले तर ३६०. केस फाकलेला ब्रश तीन महिने व्हायच्या आधीच बदला.

पेस्ट वाटण्याची रीत महत्त्वाची आहे. ट्यूब प्रत्येक ब्रशला टेकवत गेलात तर एकाची लाळ सगळ्यांना मिळते. स्वच्छ ताटलीच्या कडेने वाटाण्याएवढे ठिपके ओळीने काढा आणि प्रत्येक मुलाने आपल्या ब्रशने एक ठिपका उचलावा. दात घासताना मुलांना ओळीत उभं करा, मोठी मुलगी किंवा मुलगा दोन मिनिटं मोजेल. ब्रश ठेवायला भोकं पाडलेली फळी किंवा जाड पुठ्ठा चालतो, मात्र दोन ब्रशांची डोकी एकमेकांना लागता कामा नयेत आणि वरून हवा खेळली पाहिजे. ओले ब्रश बंद डब्यात ठेवले की बुरशी धरते, आणि बहुतेक शाळांत उपक्रम बंद पडतो तो याच कारणाने: एका पालकाला काळा पडलेला ब्रश दिसतो. नाव ब्रशवर कोरून लिहा. कागदी पट्टी आठवडाभरात निघून जाते.

फ्लोराइड वार्निश म्हणजे काय? कुणी लावायचं?

पाच टक्के सोडियम फ्लोराइडचा चिकट लेप. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, म्हणून प्रमाण मोजूनच वापरायचं: फक्त दुधाचे दात असलेल्या मुलाला ०.२५ मिली, दुधाचे आणि पक्के मिश्र असतील तर ०.४ मिली. १० मिलीची ट्यूब त्या हिशेबाने ४० किंवा २५ मुलांना पुरते. लावणं दंतवैद्याच्या देखरेखीखाली, वर्षातून किमान दोनदा.

मूल उपाशी नसावं. गॉजने दात पुसा, एका वेळी तोंडाचा एक चतुर्थांश भाग, आणि ब्रशने पातळ हात फिरवा. लाळ लागली की लेप घट्ट होतो, त्यामुळे दात ठणठणीत कोरडा करत बसायची गरज नाही. त्यानंतर काही तास कडक आणि गरम खाणं नको, त्या रात्री ब्रश नको. दात दिवसभर पिवळट दिसतील हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी फोन येतात. तोंड आलेलं असेल, हिरड्यांवर जखमा असतील, राळेची ऍलर्जी असेल किंवा दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल, तर त्या मुलाला वगळा.

सहा वर्षांच्या दाढेचा एवढा गवगवा का?

ती पहिली पक्की दाढ, आणि ती दुधाच्या दाढांच्या मागे नव्या जागी येते. कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतच नाही. पालक म्हणतात, 'किडली तर किडू दे, पडून दुसरी येईल.' ती दुसरी कधीच येत नाही.

तिच्या वरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत जात नाही. म्हणून त्या सीलंटने बुजवतात. ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावून, धुऊन, कोरडं केल्यावर पृष्ठभाग धुरकट पांढरा दिसला पाहिजे. त्यावर लाळेचा एक थेंब पडला तरी परत सुरुवातीपासून करा. सीलंट सुटून येण्याचं क्रमांक एकचं कारण हेच आहे. दाढ अर्धीच बाहेर आली असेल आणि मागच्या बाजूला हिरडीचा पदर असेल, तर कोरडं ठेवणं अशक्य असतं. तिथे ग्लास आयोनोमर सिमेंट (पावडर आणि द्रव कालवून करायचं, दाताला चिकटणारं भरण) भरून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. पहिली आणि दुसरी इयत्ता, आणि मग दुसऱ्या पक्क्या दाढेसाठी सातवीच्या आसपास, असे दोन टप्पे धरले तर कमी श्रमात जास्त दात वाचतात.

वीज नाही, ड्रिल नाही. तरी दात भरता येतो?

येतो. १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली ही पद्धत 'एआरटी' (अ‍ॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट) म्हणून ओळखली जाते. हातातल्या हत्याराने कवचाची कड थोडी फोडून तोंड रुंद करायचं, चमच्यासारख्या एक्सकॅव्हेटरने मऊ कीड काढायची. कवच आणि आतला थर जिथे जुळतात ती कड पूर्ण स्वच्छ हवी, पण तळाशी, नसेच्या जवळ फार खरवडू नका.

मग ग्लास आयोनोमर सिमेंट, आणि खरा खेळ इथे आहे. पावडरचा चमचा सपाट करून घ्या. द्रवाची बाटली आधी आडवी धरा, बुडबुडा मागे जाऊ द्या, मग सरळ उलटी करून एक थेंब पाडा. बुडबुड्यासकट पडलेला थेंब लहान असतो आणि मिश्रण भुसभुशीत होतं. दोन थेंब पडले तर पातळ होऊन दोन महिन्यांत भरण निघतं. अर्ध्या मिनिटात कालवा, चकाकी आहे तोवर भरा, हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलीन लावून दाबून धरा. चकाकी गेलेलं सिमेंट टाकून द्या, हळहळू नका. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या वर्गात ते नेहमीपेक्षा लवकर घट्ट होतं. काचेची पाटी थंड ठेवा, पण तिच्यावर दव धरू देऊ नका. भरल्यावर तासभर काही खायचं नाही.

दाढेच्या वरच्या पृष्ठभागावरचा एकच खड्डा असेल तर ही भरणं चांगली टिकतात. दोन दातांच्या मधल्या, दोन पृष्ठभागांच्या भरणांचं अपयश बरंच जास्त आहे. पूर्ण प्रामाणिकपणे हे पालकांना सांगा.

कीड थांबवणारं, पण दात काळा करणारं औषध म्हणजे कोणतं?

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. किडलेल्या जागेवर मिनिटभर लावलं की बऱ्याच ठिकाणी कीड थांबते. भूल नाही, खरवडणं नाही. एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. सहा महिन्यांनी पुन्हा लावायचं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइड पेस्ट या तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

किडलेला भाग कायमचा काळा होतो. संमती घेताना काळ्या झालेल्या दाताचा फोटो पालकांना दाखवा, नुसतं तोंडी सांगू नका. ओठांना व्हॅसलीन लावा. कातडीवर पडलेला डाग आठवडा-दोन आठवडे राहतो, गणवेशावरचा जात नाही. रात्री ठणकणाऱ्या किंवा हिरडीवर पुळी आलेल्या दाताला हे औषध नाही, आणि चांदीची ऍलर्जी असणाऱ्यालाही नाही.

आमच्या गावात मुलांचे दात पिवळे-तपकिरी डागांचे आहेत. तिथेही फ्लोराइड द्यायचं?

आधी पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांत खोल बोअरवेलचं पाणी याच्या वर जातं. डाग पडतात ते दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत. मोठेपणी तेच पाणी पिऊन दातांवर नवे डाग येत नाहीत, पण हाडांना धोका राहतो. कुठल्या बोअरचं पाणी कोण पितं याचा नकाशा काढा. अनेकदा एकाच गावात वरच्या आळीच्या विहिरीचं पाणी चांगलं आणि खालच्या हातपंपाचं वाईट असतं. मग उपाय म्हणजे चांगल्या विहिरीला रंग लावून ती फक्त पिण्यासाठी राखणं.

दुसरा स्रोत नसेल तर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत आहे: पाण्यात तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं. तुरटीचं प्रमाण फ्लोराइड आणि पाण्याची क्षारता या दोन्हींवर ठरतं, त्यामुळे शेजारच्या गावाचं माप उचलू नका. गाळात फ्लोराइड असतं, तो परसबागेत ओतू नका. अशा गावात सहा वर्षांखालच्या मुलांच्या पेस्टचा निर्णय पाण्याचा अहवाल समोर ठेवून दंतवैद्यानेच घ्यावा.

बायका मिश्री सोडत नाहीत. काय करायचं?

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड ती. तंबाखूच ती, दंतमंजन नव्हे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. गरोदरपणी मिश्रीने बाळाचं वजन कमी भरतं.

'सोडा' असं सांगण्याआधी विचारा: केव्हापासून, आणि का? पुष्कळ जणींची सुरुवात दाढदुखीने झालेली असते, कारण निकोटिनने ठणका तात्पुरता बधिर होतो. ती दाढ आधी नीट करा. दुखणं तसंच ठेवून मिश्री सोडवलीत तर आठ दिवसांत डबी परत येते. तल्लफ पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोरात असते. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते.

आणि तोंड तपासा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी मावत नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड: यातलं एकही दिसलं तर जिल्हा रुग्णालयात. जीभ बाजूला ओढून तिच्या कडा आणि जिभेखालची जागा बघायला विसरू नका, चट्टे तिथे लपतात. तोंड न उघडण्याचं मूळ बहुधा सुपारीत असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन त्या टपरीवरच मिसळल्या जातात.

अहवालात 'डीएमएफटी १.३' लिहिलंय. म्हणजे चांगलं का वाईट?

एका मुलामागे सरासरी किती पक्के दात किडलेले, किडीमुळे काढलेले किंवा भरलेले आहेत तो हा आकडा. १९३८ पासून वापरात आहे. दुधाच्या दातांचा वेगळा काढतात, दोन्हींची बेरीज करायची नाही. तुलनेसाठी १२ वर्षांचं वय घेतात, कारण तोवर अक्कलदाढा सोडून बहुतेक पक्के दात आलेले असतात आणि मुलं शाळेत सापडतात.

सरासरीने फसू नका. समजा ६० मुलांत मिळून ७८ दात मोजले, म्हणजे १.३. पण त्यातल्या ३३ मुलांचा एकही दात खराब नसेल आणि सगळे ७८ उरलेल्या २७ जणांत असतील, तर तुमचं काम त्या २७ घरांत आहे. सर्वात जास्त कीड असलेल्या एक तृतीयांश मुलांची सरासरी वेगळी काढा. तपासणारे दोघं असतील तर ५ ते १० टक्के मुलं दोघांकडून तपासून घ्या. एकाचा 'डाग' दुसऱ्याची 'कीड' निघते.

ऊसतोड कुटुंबांची मुलं मधेच गायब होतात. पाठपुरावा कसा?

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे 'जुलै आणि जानेवारी' हे सर्वसाधारण वेळापत्रक इथे निम्मी मुलं गमावतं. पहिलं वार्निश शाळा उघडताच जूनमध्ये, दुसरं दसऱ्याआधी करा आणि कार्ड मुलाच्या आईकडे द्या, शाळेच्या कपाटात नको. कारखान्याच्या बाजूला काम करणाऱ्या दंतवैद्याला ते कार्ड बघून पुढचं करता येतं.

सरकारी योजनेत काही मिळतं का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. पथकाची तारीख विचारून घ्या आणि तुमचं शिबिर त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे नावं तयार मिळतात.

तालुक्यात दंतवैद्य यायलाच तयार नाही.

दंत महाविद्यालयांत 'पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री' नावाचा विभाग असतो आणि अनेकांकडे खुर्ची बसवलेली फिरती व्हॅन असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. पत्र विभागप्रमुखांच्या नावाने लिहा आणि त्यात भाषण नको, माहिती द्या: वर्गवार पटसंख्या, संमती किती पालकांची आली, पाण्याची टाकी किती लिटरची, वीज किती वाजता जाते, परीक्षा आणि सुट्ट्यांच्या तारखा, पाठवलेल्या मुलांचं पुढचं कुठे होणार. शाळेच्या फाटकापाशी व्हॅन वळवायला जागा आहे का, तेही लिहा.